शेजाऱ्याचं पॅकेट पुढे का धाडायचं?

२०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वीज गेली आणि तिच्यामागोमाग मोबाइलचं नेटवर्कही कोलमडलं. माणसं गच्च्यांवर अडकलेली, हातात फोन, आणि फोनला रेंज नाही. त्या प्रत्येक फोनमधले वायफायचे आणि ब्लूटूथचे रेडिओ मात्र शाबूत होते. एका फोनच्या टप्प्यात शेजारच्या इमारतीतला फोन येतो, त्याच्या टप्प्यात पुढच्या गल्लीतला. निरोप असा फोनाफोनांतून उड्या घेत, जिथे टॉवर जिवंत आहे तिथवर जाऊ शकतो. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या डार्पा या संस्थेने १९७० च्या दशकातच टॉवरशिवायच्या पॅकेट रेडिओचे प्रयोग केले होते; निरोपाचे तुकडे, म्हणजे पॅकेटं, त्यात एका रेडिओकडून दुसऱ्याकडे जात. तांत्रिक अडचणी त्यात पुष्कळ आहेत, पण एक अडचण तांत्रिक नाही. माझा निरोप पुढे न्यायला अनोळखी माणसाच्या फोनने स्वतःची बॅटरी का जाळावी?

या प्रश्नावर गेली पंचवीस वर्षं चिकाटीने काम झालं आहे. त्यातलं बरंचसं गेम थिअरीच्या भाषेत झालं. स्टॅनफर्ड, लॉझान, येल, सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी त्यावर डोकं लढवलं, आणि हाती आलेलं गणित देखणं आहे. तरीही त्यातली एकही योजना जशीच्या तशी आपल्या खिशातल्या फोनमध्ये आली नाही. हे का झालं, हे नीट पाहिलं की सहकार्याबद्दल काहीतरी ठोस हाती लागतं. माझं मत आधीच सांगतो: गणित चुकलं नाही, खेळाडू ओळखण्यात चूक झाली.

सुरुवात कैद्यांच्या पेचापासूनच करावी लागते. १९५० साली रँड कॉर्पोरेशनमध्ये मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी हा खेळ मांडला आणि अल्बर्ट टकर यांनी त्याला कैद्यांची गोष्ट जोडली. फोनांच्या भाषेत तो असा: माझं पॅकेट तू पुढे नेलंस तर मला ३ गुणांचा फायदा, तुझं पॅकेट मी नेलं तर मला १ गुणाचा खर्च. दोघांनी नेलं तर दोघांना २. मी तुझं टाकून दिलं आणि तू माझं नेलंस तर मला ३, तुला उणे १. दोघांनीही टाकलं तर शून्य. एकदाच खेळायचं असेल तर समोरचा काहीही करो, टाकून देण्यातच माझा फायदा आहे. तसाच विचार तोही करतो, आणि दोघेही शून्यावर बसतात. कोणालाही एकट्याने चाल बदलून फायदा होत नाही, अशा या अवस्थेला नॅश समतोल म्हणतात.

खेळ पुन्हा पुन्हा होणार असेल तर चित्र पालटतं. आज फसवून ३ मिळवले, पण पुढे कायमचं शून्य. प्रामाणिक राहिलो तर दर वेळी २. वरच्या आकड्यांवर हिशेब केला तर पुन्हा गाठ पडण्याची शक्यता एक तृतीयांश किंवा जास्त असली की सहकार्य परवडतं. रॉबर्ट ॲक्सलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकांवर अशा डावपेचांच्या स्पर्धा भरवल्या. त्यात अनातोल रॅपोपोर्ट यांचा सगळ्यात साधा डाव जिंकला: पहिल्यांदा सहकार्य कर, नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच कर. मराठीत जशास तसे. या निकालाने जीवशास्त्रापासून राज्यशास्त्रापर्यंत सगळीकडे उत्साह संचारला आणि वीस वर्षांनी तो वायरलेसमध्येही पोचला.

वायरलेसमध्ये जशास तसे वागायचं तर आधी समोरच्याने काय केलं ते कळायला हवं. इथे हवा हे माध्यम मोठं फसवं निघतं. २००० साली स्टॅनफर्डच्या सर्जिओ मार्टी, टी. जे. जूली, केव्हिन लाय आणि मेरी बेकर यांनी राखणदाराची कल्पना मांडली. मी पॅकेट तुला दिलं, तू ते पुढे तिसऱ्याला पाठवतोस. रेडिओ सगळीकडे पसरतो, त्यामुळे तुझं ते पाठवणं मलाही ऐकू येतं. ठरावीक वेळात ऐकू आलं नाही तर तुझ्या नावावर एक खूण, खुणा वाढल्या की तुला वगळून दुसरा रस्ता. चाळीस टक्के फोन पॅकेटं टाकणारे आहेत असं गृहीत धरून केलेल्या सिम्युलेशनमध्ये यामुळे पोचणारा डेटा १७ टक्क्यांनी वाढला.

आता हे जवळून पाहा. तू पॅकेट पुढे पाठवत असतानाच माझ्या पलीकडच्या चौथ्या फोनने काही पाठवलं, तर दोन्ही लहरी माझ्याकडे आदळतात आणि मला तुझं काहीच ऐकू येत नाही. तू प्रामाणिक, खूण मात्र तुझ्या नावावर. उलट तू लबाड असशील तर पॉवर एवढी कमी करशील की ते मला ऐकू यावं पण लांबच्या तिसऱ्याला पोचू नये. मी निर्धास्त, पॅकेट गायब. या दोन्ही त्रुटी त्या लेखकांनी स्वतःच नोंदवल्या आहेत, हा त्यांचा मोठेपणा. तिसरी अडचण मला अधिक टोचते. लबाडाला वगळून रस्ता काढणं म्हणजे त्याला शिक्षा नव्हे, बक्षीस आहे. त्याचं ओझं गेलं, आणि त्याची स्वतःची पॅकेटं इतर जण नेतच आहेत.

ही भोकं बुजवायला लॉझानच्या सोन्या बुखेगर आणि जाँ-इव्ह ल बुदेक यांनी २००२ साली कॉन्फिडंट नावाची पद्धत आणली. त्यात शेजारी एकमेकांना लबाडांची खबर देतात आणि लबाडाची पॅकेटं कुणीच नेत नाही. लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला, की खबर देणाराच खोटं बोलत असेल तर? त्याच वर्षी फ्रान्समध्ये पिएत्रो मिकियार्दी आणि रेफिक मोल्वा यांनी कोअर नावाची पद्धत मांडली आणि दुसऱ्याकडून फक्त चांगलीच खबर स्वीकारायची, असा नियम घातला. बदनामी थांबते, पण दोन लबाडांनी एकमेकांची तारीफ करायला वाट मोकळी राहते. पत आणि प्रतिष्ठेच्या योजनांची ही लढाई पुढे दहा वर्षं अशीच चालली. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं.

दुसरी वाट पैशाची. लॉझानच्याच लेव्हेंते बुत्यान आणि जाँ-पिएर उबो यांनी नगलेट नावाचं आभासी नाणं कल्पिलं. स्वतःचं पॅकेट पाठवायचं तर वाटेतल्या फोनांच्या संख्येइतकी नाणी द्यायची. दुसऱ्याचं नेलं तर एक नाणं मिळतं. खात्यात नाणं नसेल तर स्वतःचं पॅकेट निघणारच नाही. फुकट्याला आपोआप चाप बसतो. मात्र प्रत्येक फोनच्या आत मालकालाही उघडता न येणारा एक सुरक्षित कप्पा असेल, तरच हा हिशेब विश्वासाचा. शिवाय जाळ्याच्या कडेला असलेल्या फोनमधून फारशी कुणाची वाट जात नाही, म्हणून त्याची कमाई होत नाही, आणि तो निमूटपणे कंगाल होतो. त्याचा दोष एवढाच की त्याचा मालक गावाच्या टोकाला राहतो. येलच्या शेंग झोंग, जियांग चेन आणि यांग रिचर्ड यांग यांनी २००३ साली स्प्राइट आणलं: कप्पा नको, प्रत्येक फोनने नेलेल्या पॅकेटांच्या पावत्या साठवायच्या आणि इंटरनेट मिळालं की मध्यवर्ती हिशेबनिसाकडे जमा करायच्या. खोटी पावती देणं तोट्याचं ठरेल अशी मोबदल्याची रचना त्यांनी सिद्ध करून दाखवली. पण मध्यवर्ती संस्था नको म्हणून ज्या जाळ्याचा अट्टहास केला, त्याला पुन्हा मध्यवर्ती हिशेबनीस आला.

पैशाच्या वाटेवरचं सगळ्यात चलाख पाऊल लुझी अँडरेग आणि स्टेफान आयडेनबेंझ यांचं. त्यांनी २००३ साली विकरे, क्लार्क आणि ग्रोव्ह्ज यांच्या लिलावाची पद्धत रस्ता निवडायला लावली. विल्यम विकरे यांना अशाच कामासाठी १९९६ चं नोबेल मिळालं होतं. प्रत्येक फोन आपला खर्च स्वतः सांगतो, आणि खरं सांगण्यातच त्याचा फायदा राहील असा मोबदला ठरवायचा. उदाहरण घेऊ. माझ्यापासून तुझ्यापर्यंत दोन वाटा आहेत. पहिलीत दोन फोन, त्यांचा खर्च २ आणि ३, एकूण ५. दुसरीत एकच फोन, खर्च ८. स्वस्त म्हणून पहिली निवडली. आता पहिल्या फोनचा मोबदला ठरवायचा तर तो नसता तर काय झालं असतं ते बघायचं: ८ ची वाट घ्यावी लागली असती. त्यातून सोबतच्या फोनचे ३ वजा केले की ५ उरतात, म्हणून त्याला २ च्या जागी ५ मिळाले. दुसऱ्याला तसेच ८ वजा २, म्हणजे ६. खोटं बोलून दोघांनाही याहून जास्त मिळत नाही. पण एकूण बिल ११ आलं. ज्या वाटेचा खरा खर्च ५, तिच्यासाठी ११ मोजले आणि महाग म्हणून सोडलेली वाट ८ ची होती. खरेपणा विकत मिळतो, आणि त्याची किंमत कधी कधी मालापेक्षा जास्त असते. गेम थिअरीची ताकद आणि मर्यादा इतक्या थोडक्या आकड्यांत दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पुन्हा 'जशास तसे'कडे येऊ, कारण पुढे सर्वांत जास्त कागद त्यावरच खर्ची पडला. राखणदाराची ऐकण्याची चूक आणि जशास तसे यांची गाठ पडली की सूडाचं चक्र सुरू होतं. तू माझं पॅकेट नेलंस, पण टक्कर झाल्याने मला ते दिसलं नाही. मी तुझं टाकलं. तुला ते दिसलं, तू माझं टाकलंस. मूळ गुन्हा घडलाच नाही आणि शिक्षा मात्र पिढ्यानपिढ्या चालू. सॅन डिएगोच्या विक्रम श्रीनिवासन, पवन नुगेहळ्ळी, कार्ला फाबियाना कियास्सेरिनी आणि रमेश राव यांनी २००३ साली यावर उदार जशास तसे सुचवलं: मिळतं त्याहून थोडं जास्त द्यायचं, म्हणजे किरकोळ चुका पचतात. २००७ साली हुआन होसे हारामियो आणि आर. श्रीकांत यांनी पश्चात्तापाचा डाव मांडला. आपल्याकडून आधी चूक झाली असेल तर मिळालेली शिक्षा मुकाट सोसायची, तिचा सूड घ्यायचा नाही. यंत्रांच्या जगातली ही क्षमा आणि ही कबुली मला विलक्षण वाटते. त्यात भावनेचा अंशही नाही. गोंगाट असलेल्या जगात क्षमेशिवाय समतोल टिकत नाही, हे इथे गणिताने सिद्ध होतं.

या आशावादाला लगाम घातला तो मार्क फेलेगिहाझी, उबो आणि बुत्यान यांच्या २००६ च्या निबंधाने. त्यांनी विचारलं की नकाशावर बसवलेल्या, जागेवरून न हलणाऱ्या फोनांच्या जाळ्यात कोणत्याही बक्षिसाशिवाय सहकार्य टिकेल का? जशास तसे चालायला अवलंबन गोल फिरावं लागतं. मी ज्याचं नेतो त्याच्या वागण्याचा परिणाम, कितीही वळसे घेऊन, माझ्यापर्यंत परत यायला हवा. कडेच्या फोनकडे कुणाला देण्यासारखं काही नाही, म्हणून त्याला शिक्षा करता येते पण त्याच्याकडून परतफेड मिळवता येत नाही. सिम्युलेशनमध्ये सगळ्यांनी सहकार्य करावं अशा अटी जवळजवळ कधीच जुळल्या नाहीत. एक फुकट्या सापडतोच, आणि त्याच्यावर अवलंबून असलेले पुढे फुकटे होतात.

याच काळात बिटटोरंटने जशास तसे कोट्यवधी संगणकांवर चालवून दाखवलं. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या या व्यवस्थेत मी तुला फाइलचा तुकडा देतो, त्याच क्षणी तू मला त्याच फाइलचा दुसरा तुकडा देतोस. देवाणघेवाण समोरासमोर, माल एकाच जातीचा, मिळाला की नाही हे तात्काळ कळतं. वायरलेसमध्ये यातलं एकही नाही. मी आज तुझं नेलं तर तू माझं नेण्याच्या जागी कधी असशीलच याची खात्री नाही.

मग अशी शंका येते की एवढं सगळं करून वाचवायचं तरी काय होतं? २००१ साली लॉरा मेरी फीनी आणि मार्टिन निल्सन यांनी तेव्हाच्या वायफाय कार्डांची वीज प्रत्यक्ष मोजली. नुसतं चालू राहून कानोसा घेत बसण्याची वीज, पॅकेट घेण्याच्या विजेच्या जवळपास निघाली. म्हणजे रेडिओ चालू ठेवलात तिथेच खर्चाचा मोठा भाग झाला, दुसऱ्याचं पॅकेट नेण्याचा वरखर्च त्यामानाने लहान. ज्या लोभावर शेकडो निबंध उभे राहिले, तो लोभ बहुतेक वेळा चिल्लरीचा होता. खरा फुकट्या पॅकेट टाकत नाही, रेडिओच बंद करतो, आणि त्याच्यापुढे राखणदाराचं काही चालत नाही. केंब्रिजच्या एल्गन हुआंग, जॉन क्रोक्रॉफ्ट आणि इयन वॉसेल यांनी २००४ मध्ये स्पष्ट लिहिलं की अशी जाळी अजून जन्मायची आहेत. सुरुवातीच्या वापरकर्त्यांवर हिशेबाचं ओझं लादलं तर ती जन्मणारही नाहीत. शिवाय पियूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० सालीच दाखवलं होतं की सगळे साधुसंत असले तरी फोन वाढत जातील तसा प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घसरत जातो, साधारण संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. सहकार्य ही अट आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

आणि आता तर ओळखच उरलेली नाही. प्रतिष्ठेची प्रत्येक योजना गृहीत धरते की कालचा फोन आज ओळखता येईल. २०१९ पासून अँड्रॉइडने आणि २०२० पासून आयफोनने प्रत्येक वायफाय जाळ्यासाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता, म्हणजे यंत्राची ओळखखूण, वापरायला सुरुवात केली. दुकानदारांनी आणि जाहिरातवाल्यांनी माणसांचा माग काढू नये म्हणून हे झालं, आणि ते योग्यच झालं. पण माग नको असेल तर जुन्या अर्थाची पतही राहत नाही. ही ओढाताण सोडवल्याचा दावा करणाऱ्याकडे सावधपणे पाहावं.

आतापर्यंतचं सगळं कल्पनेतल्या जाळ्यांबद्दल झालं. एक खेळ मात्र आपल्या घरात, या क्षणी चालू आहे, आणि तिथे खेळाडू कोण हे लख्ख दिसतं. वायफायवर बोलण्याआधी प्रत्येक यंत्र थांबून ऐकतं. हवा मोकळी दिसली की शून्य ते पंधरामधला एखादा आकडा मनाशी धरतं आणि तेवढे नऊ-नऊ मायक्रोसेकंदांचे टप्पे थांबतं. टक्कर झाली तर मर्यादा एकतीस, मग त्रेसष्ट, असं करत एक हजार तेवीसपर्यंत. यावर पोलीस नाही. एखाद्या यंत्राने कायम शून्य ते तीनमधलाच आकडा धरला तर ते सगळ्यांच्या पुढे घुसेल. दोन यंत्रांनी तसं केलं तर त्यांची आपसांत वारंवार टक्कर होईल. २००४ मध्ये मॅक्सिम राया, उबो आणि इमाद आद यांनी असे घुसखोर ओळखणारी डोमिनो ही पद्धत हॉटस्पॉटसाठी तयार केली. वर्षभरात मारियो चागाल आणि सहकाऱ्यांनी या खेळाचे समतोल शोधले आणि लोभी यंत्रं एकमेकांना अडवून शिस्त लावू शकतात असं दाखवलं.

पण घुसखोर कोण होता? निबंधांत तो आपलं कार्ड उघडून त्यातला कोड बदलणारा विद्यार्थी होता. २००७ साली जुझेप्पे बियांकी, इलेनिया तिन्निरेल्लो आणि इटलीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातली कार्डं विकत आणून मोजली, तेव्हा काही कंपन्यांची कार्डं कारखान्यातूनच मानकापेक्षा वेगळं थांबत होती. ग्राहकाने काही केलेलं नव्हतं, त्याला पत्ताही नव्हता. आपल्यापैकी कुणीही आपला फोन स्वार्थी करायला बसत नाही. यंत्राचा स्वभाव ते बनवणारी कंपनी ठरवते, आणि कंपनीचा स्वार्थ वेगळा असतो: चाचणीत शेजारच्या ब्रँडपेक्षा जास्त वेग दिसावा.

एकदा असं पाहिलं की इतर गोष्टी जागेवर बसतात. मोबाइलच्या पॉवरचा खेळ घ्या. डेव्हिड गुडमन, नारायण मंदायम आणि रटगर्स विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास सिद्ध केलं की प्रत्येक फोनने आपापल्या फायद्याची पॉवर निवडली तर सगळेच गरजेपेक्षा मोठ्याने बोलतात, आणि पॉवरवर किंमत लावली तर सगळ्यांचं भलं होतं. प्रत्यक्षात फोनला हा निर्णयच दिला गेला नाही. थ्रीजीमध्ये टॉवर सेकंदाला पंधराशे वेळा 'वाढव', 'कमी कर' अशा आज्ञा देत असे. परवानाधारक एकच मालक असल्यावर खेळच उरत नाही. तो उरतो परवानामुक्त हवेत, आणि तिथे २०१४ नंतर खरा सामना रंगला. काही मोबाइल कंपन्यांनी एलटीई-यू नावाने आपलं नेटवर्क वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आणायचं ठरवलं. या तंत्रात आधी ऐकून मग बोलायची अट नव्हती. किती वेळ बोलायचं, किती वेळ गप्प बसायचं हे ते स्वतःच ठरवणार होतं. वायफायवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. शेवटी २०१६ मध्ये वायफाय अलायन्सने एकत्र नांदण्याची चाचणी तयार केली, २०१७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने चाचणी झालेल्या यंत्रांना परवानगी दिली, आणि एलटीईच्या मुख्य मानकात मात्र ऐकून बोलणारी पद्धतच आली. सहकार्य घडलं ते कंपन्या, मानक संस्था आणि नियामक यांच्यातल्या खेळात.

उलट बाजूचं उदाहरण ॲपलचं. २०१९ साली जाहीर झालेल्या फाइंड माय जाळ्यात हरवलेल्या वस्तूचा ब्लूटूथ संदेश जवळून जाणारा कोणताही आयफोन उचलतो आणि गुप्त स्वरूपात पुढे पाठवतो. अनोळखी माणसाची बॅटरी, अनोळखी माणसाचा डेटा, आणि मोबदला काहीच नाही. पंचवीस वर्षांच्या शंकांना हे मोठं उत्तर आहे. नाणं, पावती, राखणदार यातलं काही न वापरता ते चाललं, कारण सोय आधीपासून चालू असते आणि बंद करायला सेटिंगमध्ये शिरावं लागतं. गुगलने २०२४ मध्ये आपलं असंच जाळं आणलं, पण सोय आपोआप फक्त गर्दीच्या जागांपुरती चालू ठेवली. एकाच फोनच्या खबरीवर जागा सांगायची नाही, अनेकांची जुळली तरच. गोपनीयतेसाठी हा निर्णय चांगला होता, पण सुरुवातीला वस्तू सापडण्यात त्याचा फटका बसला. एका सेटिंगच्या पूर्वनिवडीने जे होतं ते कोणत्याही समतोलाने होत नाही. म्हणूनच पूर्वनिवड ठरवणाऱ्यावर लक्ष हवं. मला न विचारता माझा फोन दुसऱ्याच्या सेवेला लागतो, तेव्हा ते सहकार्य माझं नसतं. या जाळ्यावर चालणारा एअरटॅग, म्हणजे वस्तूला लावायचं ॲपलचं छोटं यंत्र, वापरून बायकांचा पाठलाग झाल्याच्या तक्रारी आल्यावर त्याची दुसरी बाजूही दिसली.

भारतात हातातल्या यंत्रावर नियम घालण्याचा पायंडा आहे. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर आणीबाणीची कळ सक्तीची झाली, आणि २०२३ मध्ये आपत्तीचे सेल ब्रॉडकास्ट इशारे फोनला घेता यावेत असे नियम निघाले. टॉवर बंद पडल्यावर मदतीचा छोटा संदेश फोनाफोनांतून पुढे जावा, त्यासाठी बॅटरीचा ठरावीक अंश राखून ठेवावा, असा नियम त्याच मार्गाने करता येईल. खोटे संदेश कसे रोखायचे हा प्रश्न राहतो, पण कुणाला काय मोबदला द्यायचा हा प्रश्न उरत नाही.

पैशाच्या वाटेचा प्रत्यक्ष प्रयोग हेलियम नावाच्या जाळ्याने केला. २०१९ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनपासून लोकांनी घरात छोटे हॉटस्पॉट बसवायला सुरुवात केली. आसपास रेडिओची व्याप्ती दिली की क्रिप्टो टोकन मिळत होतं. संख्या लाखांच्या घरात गेली. पण मोबदला व्याप्तीच्या पुराव्याला होता, प्रत्यक्ष वाहिलेल्या डेटाला फारसा नव्हता. म्हणून काहींनी एकाच खोलीतल्या हॉटस्पॉटना गावभर पसरल्याचं भासवलं, आणि चालवणाऱ्यांना काळी यादी ठेवावी लागली. ज्याला पैसे द्याल तेच मिळेल, हे यंत्रणा रचणाऱ्याने विसरून चालत नाही.

स्पेनमधल्या कातालोनियातलं गिफी डॉट नेट मला जास्त शिकवतं. २००४ मध्ये ओसोना भागातल्या गावांनी कंपन्या येत नाहीत म्हणून स्वतःच वायरलेस जाळं उभारलं. आज त्यात तीस हजारांहून जास्त नोड आहेत, पुष्कळसा भाग फायबरचा. जाळं सामायिक, आणि त्यावरून धंदा करणाऱ्या सेवादारांनी किती गुंतवलं, किती वापरलं याचा हिशेब करून एकमेकांना भरपाई द्यायची असते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी सामायिक साधनांबद्दल जे लिहिलं, ज्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं, ते इथे जिवंत दिसतं. आपल्याकडे पांझरा-मोसमच्या खोऱ्यांत फड पद्धतीने शतकानुशतकं पाटाचं पाणी वाटलं गेलं, तिथेही हद्द ठरलेली, पाळी ठरलेली आणि देखरेखीला गावाचा माणूस. राखणदाराला जे हवेतून ऐकून जमलं नाही, ते ओळखीच्या माणसांच्या ठरलेल्या नियमाला जमतं.

आणि कधी कधी सहकार्य बॅटरीमुळे अडतच नाही, कायद्यामुळे अडतं. जर्मनीत उघडं वायफाय ठेवणारा दुसऱ्याच्या गुन्ह्याला जबाबदार धरला जाई, म्हणून खुली वायफाय जाळी उभारणाऱ्या फ्रायफुंकसारख्या लोकचळवळी वर्षानुवर्षं अडखळल्या. २०१७ च्या कायद्याने ती भीती गेली. आपल्याकडे २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका उघड्या वायफायवरून गेला. पाठोपाठ मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधून मालकांना सावध करायची मोहीम घेतली. त्या दिवसापासून शेजाऱ्याला नेट देण्याची किंमत बदलली, आणि ती कुठल्याच सिम्युलेशनमध्ये नव्हती.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना ही कोंडी फोडायला आली. किराणावाला, चहावाला परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो, ओळख पटवणं आणि हिशेब वेगळ्या संस्था पाहतात. कागदावर मोबदल्याची रचना नेटकी आहे. पण दुकानदाराला लागणारं मूळ कनेक्शन कंपन्या अनेकदा व्यापारी लीज्ड लाइनच्या दराने देत होत्या, आणि त्या दरात पाच-दहा रुपयांची कूपनं विकून काय सुटणार? जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने दर बांधून दिला: २०० एमबीपीएसपर्यंतचं कनेक्शन घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येणार नाही. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने हा धडा आधीच घेतला होता. अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेलं, आणि ग्रामपंचायतीला भागीदार करून गावातल्याच उद्योजकाला ते चालवायला दिलं. या मांडणीला २०१७ मध्ये मोझिलाचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. खेळाडू कोण, त्याला काय मिळतं आणि त्याला कोण जाब विचारतं, हे तिथे पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

सध्या वायफायच्या पुढच्या पिढीचं मानक घडतं आहे. त्यात शेजारचे ॲक्सेस पॉइंट आपसांत ठरवून बोलतील, कोण कधी आणि किती पॉवरने, अशी तरतूद येऊ घातली आहे. एका ऑफिसात सगळे ॲक्सेस पॉइंट एकाच मालकाचे, तिथे हे सोपं आहे. पुण्यातल्या एखाद्या बारा मजली सोसायटीत प्रत्येक घरात वेगळ्या कंपनीचा राउटर असतो. मी पॉवर कमी केली आणि तुझ्या राउटरने नुसतं कबूल करून मोडलं, तर भुर्दंड मला. तो राउटर खोटं बोलला हे माझ्या राउटरला हवेतून कळेल असं धरून चालता येत नाही. राखणदाराच्या अनुभवाने ते पुरेसं शिकवलं आहे. तेव्हा शब्द मोडणारा राउटर प्रयोगशाळेतच पकडला जाईल अशी चाचणी प्रमाणपत्रासाठी सक्तीची करावी, आणि तिचे निकाल कंपनीच्या नावासह ग्राहकाला खोक्यावर वाचायला मिळावेत.